पुणे ते बेंगळूरु: नव्या जोडप्यानं स्वतःच्या गाडीनं संसार हलवताना कामांचा क्रम

लग्न, पूजा, गोंधळ आटोपतो आणि तीन-चार आठवड्यांत बेंगळूरुला हजर व्हायचं असतं. सामान ट्रकनं जाणार, आपण दोघं गाडीनं. बेत सोपा वाटतो आणि गोंधळ नेमका तिथेच सुरू होतो. विवाह नोंदणी राहून जाते, मग तीन साक्षीदार आणि गुरुजींना पुन्हा गाठायला रजा टाकून पुण्याला यावं लागतं. भाडेकरार एकाच्याच नावावर होतो आणि दुसऱ्याकडे सहा महिने पत्त्याचा पुरावा नसतो. कराडजवळ टायर पंक्चर होतो, स्टेपनी मात्र अठरा पिशव्यांच्या खाली असते. या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत, क्रम चुकल्याच्या आहेत. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानंच करा.

इथे गृहीत धरलंय ते असं: माणसं दोन, गाडी हॅचबॅक किंवा छोटी एसयूव्ही, सामान एका बेडरूमच्या घराचं, रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४८, अंतर साधारण ८४० किलोमीटर. शहरं वेगळी असली तरी पहिले सहा टप्पे तसेच लागू पडतात.

## टप्पा १: महिनाभर आधी, जी कामं इथेच होतात ती

विवाह नोंदणी. हे काम सगळ्यात आधी. महाराष्ट्रातल्या १९९८च्या विवाह नोंदणी कायद्यानुसार लग्नापासून ९० दिवसांत नोंदणी करायची असते. उशीर झाला तरी ती होते, पण दंड भरून. दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, लग्नपत्रिका, तीन साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रांसह, आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची माहिती व सही, एवढं लागतं. ही सगळी माणसं आज तुमच्या आसपास आहेत, दोन महिन्यांनी नसतील. अर्जावरची दोघांची नावं आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळवा. ‘आदिती’ आणि ‘अदिती’ हा फरक आज किरकोळ वाटतो, पासपोर्टच्या वेळी तोच आडवा येतो. प्रमाणपत्राच्या दोन-तीन प्रती तेव्हाच घेऊन ठेवा.

नाव बदलायचं का, हे आधी ठरवा. नाव बदलायचं नसेल तर प्रश्नच नाही, कायद्यानं ते बंधनकारक नाही. बदलायचं असेल तर आधी आधार, मग पॅन, मग बँक असा क्रम ठेवा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे घाईत चुकीच्या स्पेलिंगसह बदलू नका. एकाच महिन्यात नाव आणि पत्ता दोन्ही बदलायला घेतले की आधारवर एक नाव, पॅनवर दुसरं आणि पत्ता तिसरीकडचा अशी खिचडी होते, आणि त्याच महिन्यात नव्या कंपनीला पगाराचं खातं उघडायचं असतं. आमचा सल्ला असा: आधी पत्ता, सहा महिन्यांनी नाव.

भाडेकरार दोघांच्या नावावर. घरमालकाला पहिल्याच फोनवर सांगून ठेवा. करार झाल्यावर नाव घालून घेणं अवघड जातं. वीजबिल घरमालकाच्या नावावर, गॅस नवऱ्याच्या नावावर, करार नवऱ्याच्या नावावर, अशा घरात बायको कागदोपत्री राहतच नसते. झालंच तसं, तर तोडगा आहे. आधारमध्ये ‘कुटुंबप्रमुखाच्या संमतीनं’ पत्ता बदलायची ऑनलाइन सोय आहे. तिथे नात्याचा पुरावा म्हणून विवाह प्रमाणपत्र जोडायचं आणि कुटुंबप्रमुखानं ३० दिवसांच्या आत संमती द्यायची. म्हणजे पुन्हा पहिलं काम झालेलं हवंच.

गॅस. स्वतःच्या नावाचं कनेक्शन असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करा, डिपॉझिट परत घ्या आणि ट्रान्सफरचं व्हाउचर मागून घ्या. ते दाखवून बेंगळूरुत त्याच कंपनीच्या एजन्सीत कनेक्शन मिळतं. सिलिंडर ट्रकमध्ये किंवा गाडीच्या डिकीत घालून न्यायचा नाही, रिकामा असला तरी नाही. बहुतेक नव्या जोडप्यांचं मात्र वेगळं कनेक्शनच नसतं, ते सासर-माहेरच्या घरात असतं. अशांनी नव्या कनेक्शनचा अर्ज पोचल्यावर करावा आणि पहिल्या आठवड्यासाठी इंडक्शनची शेगडी गाडीत घ्यावी.

गाडीचे कागद. एका राज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घेणं मोटार वाहन कायद्यानं बंधनकारक आहे. वर्षभरात परत यायचं नक्की असेल तर एनओसीच्या (ना हरकत प्रमाणपत्राच्या) फंदात पडू नका. कायमचं जात असाल तर आरटीओची एनओसी (फॉर्म २८) पुण्यातूनच निघते. त्याआधी थकलेली सगळी चलनं भरावी लागतात आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती लागते. कर्नाटकात पुन्हा रोड टॅक्स भरावा लागतो, नंतर महाराष्ट्रात भरलेल्या करातून उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो. दोन्हीकडे गाडीचं मूळ बिल लागू शकतं. ते शोधून कागदांच्या बॅगेत टाका.

> तपासा: विवाह प्रमाणपत्र हातात आलं? करारात दोन नावं आहेत? निघायचा दिवस पंचांग पाहून ठरणार असेल तर घरच्यांशी बोलून आत्ताच पक्का करा. ट्रक ठरल्यावर तारीख हलवली की जास्तीचे पैसे जातात.

## टप्पा २: काय न्यायचं, काय नाही

नव्या जोडप्याच्या सामानात जुनं कमी आणि आलेलं जास्त असतं: आहेरातली चार भिंतीवरची घड्याळं, तीन डिनर सेट, दोन मिक्सर, शिवाय रुखवतातल्या वस्तू. सगळं नेलं तर ट्रकचं भाडं वाढतं आणि बेंगळूरुतल्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा राहत नाही.

प्रत्येक वस्तूबद्दल एकच प्रश्न विचारा: पहिल्या तीन महिन्यांत ही वापरणार का? उत्तर ‘नाही’ आलं तर ती आईकडे राहील. रुखवतातली भरतकामाची चौकट आणि मोत्यांचा गणपती दिवाळीला आलात की नेता येतील. दुहेरी वस्तूंतली एक इथेच ठेवा किंवा देऊन टाका.

आहेरात आलेल्या विजेच्या वस्तूंचं बिल देणाऱ्याकडून मोबाईलवर मागून घ्या. यात संकोच नको. वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून चालते, बिलाशिवाय दुरुस्तीवाला हात लावत नाही. त्याच बिलांचा आणखी एक उपयोग: वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद) लागत नाही, पण खोक्यातला कोरा फ्रिज ‘वापरलेला’ दिसत नाही. वाटेत कुणी अडवलंच तर बिल दाखवता येतं.

जुना लाकडी पलंग किंवा फाटत आलेला सोफा न्यायचा मोह होतो. तेवढीच वस्तू तिथे वापरलेली किती रुपयांना मिळते ते आधी पाहा, मग तिच्या वाट्याचं ट्रकभाडं मोजा. बऱ्याचदा भाडंच जास्त निघतं.

दागिने. ट्रकमध्ये एक ग्रॅमही नाही. रोज घालायचं तेवढं अंगावर आणि हातातल्या पर्समध्ये, बाकी इथल्या लॉकरमध्ये. प्रत्येक दागिन्याचा फोटो आणि वजनाची यादी दोघांच्या मोबाईलमध्ये. आहेराची पाकिटं निघण्याआधी बँकेत भरा. निवडणुकीची आचारसंहिता चालू असेल तर नाक्यांवरची पथकं ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख रकमेचा हिशेब मागतात आणि कागद नसतील तर ती जप्त होऊ शकते.

## टप्पा ३: ट्रक ठरवणं

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते आणि तिची पद्धत ठरलेली आहे. फोनवर कमी दर सांगतात, सामान भरून होतं, मग ‘वजन जास्त निघालं’ म्हणून दुप्पट मागतात. सामान त्यांच्या ताब्यात असतं, त्यामुळे माणूस मुकाट्यानं देतो.

1. किमान तिघांना घरी बोलावून सामान दाखवा. फोटोंवर किंवा फोनवर दर ठरवू नका.
2. ट्रक फक्त तुमचा की वाटणीतला, हे लेखी घ्या. वाटणीतला स्वस्त पडतो, पण सामान वाटेत गोदामात उतरून दुसऱ्या गाडीत चढू शकतं, आणि पोचायला तीन दिवसांपासून आठवडाही लागतो. काचेचं आणि नवं फर्निचर असेल तर वाटणी नको.
3. दरात काय धरलंय ते विचारा: बांधणी, चढवणं, उतरवणं, मजले, टोल, जीएसटी. लिफ्ट नसलेला तिसरा मजला हे वेगळ्या पैशांचं काम असतं.
4. ॲडव्हान्स थोडा द्या. मोठा हिस्सा सामान उतरवून मोजल्यावर.
5. भरण्याच्या दिवशी ट्रकचा नंबर, ड्रायव्हरचं लायसन्स आणि बिल्टीचा (वाहतूकदारानं माल घेतल्याच्या पावतीचा) फोटो काढा. बिल्टीवर तुमचं नाव, दोन्ही पत्ते, नगांची संख्या आणि ठरलेलं भाडं असलंच पाहिजे.

विम्याबद्दल एक गोष्ट समजून घ्या. पॅकर्सवाला ‘तीन टक्के इन्शुरन्स’ म्हणतो तेव्हा तो खरा विमा असतोच असं नाही. विमा कंपनीचं तुमच्या नावाचं प्रमाणपत्र मागा. मिळत नसेल तर ते पैसे देऊ नका. विमा नसताना तुमच्या हातात काय उरतं? रस्ते वाहतुकीच्या २००७च्या कायद्याप्रमाणे सामानाची जास्त किंमत आधी लेखी जाहीर केली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच असते. आणि नुकसानीचा दावा करायचा तर बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणून बिल्टी जपा, आणि महागडी वस्तू असेल तर तिची किंमत बिल्टीवर लिहून घ्या.

> सावध: ट्रक आणि तुम्ही एकाच दिवशी निघणं चांगलं दिसतं, उपयोगाचं नाही. ट्रक आधी जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही निघा. रिकाम्या घराची झाडलोट आणि मीटर-चाव्या देणं त्या मधल्या दिवसात होतं. फक्त ट्रक तुमच्याआधी पोचणार नाही एवढं ड्रायव्हरकडून पक्कं करून घ्या.

## टप्पा ४: बांधाबांध

खोक्यांना नंबर घाला आणि नंबर वरच्या बाजूला न लिहिता दोन कडांवर लिहा. खोकी एकावर एक रचली की वरचा आकडा दिसत नाही. वहीत नंबरापुढे आतल्या वस्तू लिहा. ‘स्वयंपाकघर’ असं मोघम लिहून भागत नाही, ‘कढया, पोळपाट, डावांचा डबा’ असं लिहा. पुस्तकं छोट्या खोक्यात, गाद्या-उश्या मोठ्यात. उलटं केलं की हमालाला खोकं उचलत नाही आणि बूड फाटतं.

फ्रिज. २४ तास आधी बंद करा, बर्फ पूर्ण वितळू द्या, कोरडा पुसा, ट्रे काढून वेगळे बांधा आणि दार टेपनं बंद करा. ट्रकमध्ये उभाच ठेवायला लावा. आडवा नेला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं.

फ्रंट लोड वॉशिंग मशीन. नवं घेतलं तेव्हा मागच्या बाजूला तीन-चार लांब बोल्ट होते, मेकॅनिकनं ते काढून हातात दिले होते. तेच ट्रान्झिट बोल्ट. हलवताना ते परत बसवायचे असतात, नाहीतर आतला ड्रम ८४० किलोमीटर आपटत जातो आणि स्प्रिंगा निकामी होतात. बोल्ट सापडत नसतील तर सर्व्हिस सेंटरमधून मागवा. पोचल्यावर मशीन चालू करण्याआधी ते काढायला विसरू नका. ही उलटी चूकही तितकीच महागात पडते.

पलंग आणि कपाट. खोलण्याआधी प्रत्येक सांध्याचा फोटो. नटबोल्ट पिशवीत घालून पिशवी त्याच फळीला टेपनं चिकटवा. सगळे बोल्ट एका डब्यात घालून ‘सांभाळून ठेवले’ की जोडताना तासभर जातो. लोखंडी कपाट रिकामं न्या. आतल्या कपड्यांच्या वजनानं कडा वाकतात, मग दार लागत नाही.

स्वयंपाकघर. ताटं आडवी रचू नका, कागदात गुंडाळून उभी लावा, प्रत्येक ताटामध्ये कागद. कुकरच्या आत डाळींचे छोटे डबे, कुकरचं झाकण उलटं. मिक्सरची भांडी वेगळी, पाती कागदात.

लोणच्याची बरणी हा स्वतंत्र विषय आहे. काचेची किंवा चिनी मातीची बरणी तशीच नेऊ नका. लोणचं प्लास्टिकच्या रुंद तोंडाच्या डब्यात काढा, तोंडावर प्लास्टिकचा दुहेरी कागद ताणून रबर लावा, वर झाकण घट्ट बसवा, मग दोन पिशव्या, आणि हे सगळं एका बादलीत उभं. फटींत वर्तमानपत्राचे बोळे भरा. बादली गाडीत पुढच्या सीटमागे पायाच्या जागेत जाते. ट्रकमध्ये नाही, तिथे ती कुणीतरी आडवी टाकणारच. कुरडया-पापड्या चेपत नाही अशा स्टीलच्या डब्यात, वर कागद, आणि त्या डब्यावर काही ठेवायचं नाही.

लग्नात दिलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण मऊ कापडात गुंडाळून डब्यात, डबा हातातल्या पिशवीत.

## टप्पा ५: गाडी तयार करणं

सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी करायची हीच मोठी चूक. आठ-दहा दिवस आधी करा, म्हणजे गॅरेजमध्ये काही ढिलं राहिलं असेल तर ते शहरातच कळतं. ऑइल, कूलंट, ब्रेक पॅड, वायपर आणि बॅटरी बघून घ्या.

टायरवर चार आकडी तारीख असते. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी राहिली असेल तर टायर बदला. काही गाड्यांची स्टेपनी इतर चाकांपेक्षा लहान असते, ती लावल्यावर ८०च्या वर जायचं नाही.

हवेचं प्रमाण ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. तिथे दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी. तुम्हाला दुसरा आकडा हवा आहे, त्यात मागच्या चाकांना बहुतेकदा जास्त हवा असते. टायर थंड असतानाच भरा. स्टेपनीतली हवा सामान भरण्याआधी तपासा, नंतर तिच्यापर्यंत हात पोचत नाही.

फास्टॅगमध्ये पुरेसे पैसे आणि केवायसी पूर्ण आहे ना ते दोन दिवस आधी पाहा. टॅग बंद पडला तर टोल जास्त पडतो. आरसी, विमा, पीयूसी आणि दोघांची लायसन्सं डिजिलॉकरमध्ये घ्या, ती चालतात. बायकोच्या लायसन्सवर माहेरचं नाव असलं तरी ते वैध आहे, तेवढ्यासाठी तिला गाडी चालवायची थांबवू नका.

## टप्पा ६: गाडी भरणं

दोन दिवस आधी एकदा भरून बघा. पहिल्या फेरीत सगळं कधीच मावत नाही, आणि हे पहाटे पाच वाजता कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

1. जड वस्तू डिकीच्या तळाला, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून. मिक्सर, इस्त्री, डाळींची पिशवी इथे.
2. जॅक, पाना, धोक्याचा लाल त्रिकोण आणि टॉर्च डिकीतून बाहेर काढून पुढच्या सीटखाली किंवा मागच्या पायाच्या जागेत. स्टेपनी डिकीच्या तळाशी असेल तर तिच्यावर दोन-तीन मोठ्या बॅगाच ठेवा, वीस छोट्या पिशव्या नकोत. दोन बॅगा रस्त्याकडेला काढता येतात, वीस पिशव्या काढता येत नाहीत.
3. सीटच्या पाठीच्या उंचीच्या वर काही सुटं नको. जोरात ब्रेक लागला की मागचा कुकर पुढे येतो.
4. मागची काच आरशातून दिसलीच पाहिजे. गादी दुमडून काचेला लावणं बंद.
5. टपावर कॅरिअर असेल तर वजनाची मर्यादा गाडीच्या पुस्तकात बघा. ती वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते.

मागे वजन बसलं की गाडीचं नाक वर होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला ० ते ३ किंवा ४ आकड्यांचं छोटं चाक असतं, ते दोन किंवा तीनवर फिरवा. कित्येकांना ते कशासाठी आहे हेच माहीत नसतं.

पहिल्या तीन दिवसांची पेटी. ट्रक उशिरा येणारच हे धरून चाला. पेटीत दोन चादरी, चटई, उशा, टॉवेल, बादली-मग, झाडू, इंडक्शन, एक पातेलं, दोन ताटं-वाट्या, चहा-साखर, मीठ-तिखट, सुरी, औषधं, एक्स्टेन्शन बोर्ड, दोन एलईडी बल्ब, कुलूप, स्क्रूड्रायव्हर. नव्या घरात पहिल्या दिवशी दूध उतू घालायचं असेल तर लोहचुंबक चिकटतं असं सपाट बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या. आजीनं दिलेलं पितळी पातेलं कितीही सुंदर असलं तरी इंडक्शनवर तापत नाही.

कागदांची बॅग वेगळी. ती रात्री हॉटेलच्या खोलीत, दुपारी जेवताना खांद्यावर.

## टप्पा ७: रस्ता, दोन दिवसांत

भरलेली गाडी एका दिवसात ८४० किलोमीटर नेता येते. नेऊ नका. लग्नाच्या धावपळीनं दोघंही थकलेले असतात आणि शेवटचा टप्पा बेंगळूरुच्या संध्याकाळच्या गर्दीत येतो.

पहिला दिवस: पुणे ते हुबळी, साधारण ४३० किलोमीटर. पहाटे साडेपाचला निघा. खेड-शिवापूरचा टोल उजाडताना मागे पडला पाहिजे. खंबाटकीचा चढ ट्रकांच्या मागून खालच्या गिअरमध्ये शांतपणे काढा, भरलेल्या गाडीत ओव्हरटेकचा अंदाज चुकतो. सातारा ते कागल रुंदीकरणामुळे वळवलेला रस्ता अचानक समोर येतो, तिथे पुढच्या ट्रकपासून अंतर वाढवा. कोल्हापूर सुमारे २३०, तिथे जेवण. निपाणी, बेळगाव करत संध्याकाळी चार-पाचपर्यंत धारवाड किंवा हुबळीला मुक्काम. हॉटेल आधी बुक करताना बंदिस्त पार्किंग आहे का हे फोन करून विचारा, भरलेली गाडी रस्त्यावर ठेवायची नाही.

दुसरा दिवस: हुबळी ते बेंगळूरु, साधारण ४१०. सहाला निघा. दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर हा रस्ता रुंद आणि सरळ आहे. धोका झोपेचा. दर दोन तासांनी चालक बदला, डुलकी येत नसली तरी. दुपारी दोनच्या आसपास नेलमंगला गाठलं तर शहरात शिरणं सुसह्य होतं, पाचनंतर पोचलात तर पीन्या-गोरगुंटेपाळ्यातच तास जातो. घर इलेक्ट्रॉनिक सिटी किंवा बन्नेरघट्टा रोडकडे असेल तर शहरात न शिरता तुमकूर रोडवरूनच नाइस रोड (शहराच्या कडेनं जाणारा टोलचा रस्ता) धरा. त्याचा टोल वेगळा आहे, पण क्लच वाचतो.

> पावसाळ्यात: जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी कोल्हापूरच्या पंचगंगेची पातळी बघा. २०१९ आणि २०२१ साली पुराचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद झाली. पाणी वाढत असेल तर दोन दिवस थांबा, किंवा सोलापूर, विजयपूर, होस्पेट, चित्रदुर्ग असा लांबचा रस्ता धरा.

महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३, अपघात किंवा धोका असेल तर ११२. फोन करण्याआधी गाडी कडेला घ्या, त्रिकोण मागे ठेवा आणि दोघंही कठड्याच्या पलीकडे उभे राहा.

## टप्पा ८: पोचल्यावर

सोसायटीची परवानगी पोचण्याआधीच काढलेली हवी. बेंगळूरुतल्या बऱ्याच मोठ्या सोसायट्यांत सामान चढवायच्या वेळा ठरलेल्या असतात, सर्व्हिस लिफ्ट बुक करावी लागते, काही ठिकाणी रविवारी मनाई असते. गेटबाहेर अडकलेला ट्रक थांबल्याचे पैसे मागतो.

रिकाम्या घराचा व्हिडिओ सामान आत येण्याआधी काढा: भिंतींवरचे डाग, गळणारे नळ, फुटलेली फरशी, मीटरचा आकडा. तो त्याच दिवशी घरमालकाला पाठवा. तिथलं डिपॉझिट पुण्याच्या सवयीपेक्षा बरंच मोठं असतं, घर सोडताना हाच व्हिडिओ कामाला येतो.

ट्रक आला की एकानं दारात वही घेऊन बसायचं आणि आलेल्या नंबरांवर खूण करायची, दुसऱ्यानं कुठलं खोकं कुठल्या खोलीत ते सांगायचं. दोघंही सामान उचलायला लागले की मोजणी बुडते. फुटलेलं, ओलं, कमी आलेलं काही असेल तर पोचपावतीवर तसं लिहून मगच सही करा आणि फोटो काढा. ‘सही करा, नंतर बघू’ याला नाही म्हणा.

फ्रिज उभा आला असेल तरी चार तास तसाच ठेवून मग चालू करा. आडवा आल्याची शंका असेल तर २४ तास. वॉशिंग मशीनचे बोल्ट काढा आणि कागदांच्या बॅगेत परत टाका.

पहिल्या आठवड्यात गॅसचा अर्ज, दोघांच्या आधारचा पत्ता, बँकेचा पत्ता. मतदारयादीसाठी फॉर्म ८, स्थलांतराचा पर्याय निवडून. गाडी कर्नाटकात कधी आली याचा पुरावा म्हणून त्या दोन दिवसांचं फास्टॅगचं स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवा, १२ महिने तिथून मोजता येतात.

गाडीतलं शेवटचं गाठोडं उतरलं की टायरची हवा रिकाम्या गाडीच्या आकड्यावर आणा, जॅक-पाना डिकीत परत ठेवा आणि हेडलाइटचं ते छोटं चाक शून्यावर फिरवा.